रक्ताचा कर्करोग आणि अंगावर उठणारे पुरळ

महोत्सवी स्मरणिकेत संस्थेच्या कार्याचा आढावा असावा, देणगीदारांचे ऋण मानलेले असावे, वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद असावेत. तेथे रोगाविषयी चार पाने कशाला, असे एखाद्यास वाटण्याचा संभव आहे. परंतु धर्मादाय कार्य आणि रक्ताचा कर्करोग यांचा संबंध आपल्या देशात फार जुना आहे. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई या १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढच्याच वर्षी, १९३२ साली, त्यांच्या स्मरणार्थ ह्याच रोगावरील संशोधनास साहाय्य करणारा न्यास स्थापन झाला. आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईस परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय उघडले. एका घरावर कोसळलेल्या दुःखातून सर्वांसाठी दार उघडले गेले. भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद, आळंद ह्या आपल्या तालुक्यांतून आजही माणसे त्या दारी जातात.

दुःखाची गोष्ट एवढीच की, त्यांतली पुष्कळशी उशिरा जातात. उशिराची कारणे अनेक आहेत. पैसा, अंतर, भीती ही सर्वांस ठाऊक आहेत. परंतु एक कारण असे आहे की ते केवळ माहितीने दूर होऊ शकते. हा रोग कधी कधी पहिली खूण कातडीवर दाखवितो आणि आपण ती खूण ओळखत नाही. अंगावर काही उठले की कोणी उष्णता म्हणतो, कोणी पित्त म्हणतो, कोणी देवीचा कोप म्हणतो, तर कोणी कोड किंवा महारोग समजून घरातील माणसालाच लपवून ठेवतो. ‘रक्त बिघडले आहे’ असेही आपण सहज म्हणून जातो. बहुतेक वेळी ते खरे नसते. फोड साध्या जंतूचा असतो, खाज खरजेची असते. परंतु थोड्या माणसांच्या बाबतीत तेच वाक्य अक्षरशः खरे ठरते. ती थोडी माणसे वेळेवर कशी ओळखावीत, आणि ज्यांना हा रोग झाल्याचे आधीच ठरले आहे त्यांच्या अंगावर नवे पुरळ उठल्यास काय समजावे, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रक्त कोठे तयार होते

हाडांच्या पोकळीत जी मज्जा असते ती रक्ताचा कारखाना होय. तेथे तीन प्रकारच्या पेशी तयार होतात. तांबड्या पेशी प्राणवायू वाहून नेतात, पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात, आणि बिंबाणू, ज्यांना हल्ली सर्वजण प्लेटलेट म्हणतात, ते रक्तस्राव थांबवितात. निरोगी माणसाच्या एक घन मिलिमीटर रक्तात पांढऱ्या पेशी सुमारे चार ते अकरा हजार असतात व बिंबाणू दीड ते साडेचार लाख असतात.

रक्ताच्या कर्करोगात एखाद्या जातीच्या पेशी बेसुमार वाढू लागतात. तुरीच्या शेतात हरळी माजली म्हणजे तुरीला जागा उरत नाही, तसे मज्जेचे होते. निकामी पेशींची गर्दी होते आणि कामाच्या पेशी कमी पडतात. हा बिघाड मुख्यतः मज्जेत व रक्तात असला तर त्यास ल्युकेमिया म्हणतात. ‘पांढरे रक्त’ अशा अर्थाचे हे नाव जर्मन वैद्य फिर्खो यांनी १८४७ साली दिले. लसिकाग्रंथींत, म्हणजे मान, काख, जांघ येथील गाठींत, रोग असला तर त्यास लिम्फोमा म्हणतात. ह्यांखेरीज मायलोमा नावाचा एक प्रकार उतारवयात होतो.

कातडीवर जे दिसते त्याची कारणे मुख्यतः पाच आहेत: बिंबाणू कमी पडणे, रोगाच्या पेशी स्वतः कातडीत उतरणे, शरीराने विचित्र प्रतिक्रिया देणे, जंतूंचा शिरकाव होणे, आणि औषधांचा परिणाम. ही पाच कारणे वेगवेगळी ध्यानात ठेवावीत, कारण वरून सारखे दिसणारे दोन डाग आतून अगदी भिन्न असू शकतात आणि एकाचे औषध दुसऱ्यास अपायकारक ठरते.

न खाजणारे, न दुखणारे लाल ठिपके

बिंबाणू फार कमी झाले म्हणजे सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून रक्त पाझरते आणि कातडीखाली टाचणीच्या टोकाएवढे तांबडे ठिपके दिसू लागतात. ते बहुधा नडगीवर व घोट्याजवळ प्रथम उठतात, कारण उभे राहिल्याने तेथे रक्ताचा दाब अधिक असतो. त्यांना खाज नसते, वेदना नसते. म्हणूनच त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. ओळखण्याची एक सोपी रीत आहे. काचेच्या पेल्याची बाजू ठिपक्यांवर दाबून आरपार पाहावे. उष्णतेचे किंवा पित्ताचे पुरळ दाबाखाली फिके पडते. हे ठिपके फिके पडत नाहीत, कारण तेथे रक्त वाहिनीच्या बाहेर सांडलेले असते. सावळ्या कातडीवर ठिपके नीट न दिसल्यास टाळूकडे आणि डोळ्यांच्या पापणीच्या आतील बाजूस पाहावे.

ह्या ठिपक्यांबरोबर हिरड्यांतून रक्त येणे, नाकाचा घोळणा वारंवार फुटणे, मार लागल्याचे आठवत नसता अंगावर काळेनिळे डाग पडणे, स्त्रियांस पाळीच्या वेळी अतिशय रक्त जाणे, अशी लक्षणे असली तर एक दिवसही थांबू नये. पावसाळ्यात आपल्याकडे डेंग्यूच्या तापातही बिंबाणू उतरतात, हे खरे. परंतु डेंग्यूतील बिंबाणू थोड्याच दिवसांत पुन्हा वाढू लागतात. ताप गेला तरी ठिपके येतच राहिले, चेहरा पांढराफटक पडला, हाडे दुखू लागली, तर डेंग्यूचे नाव पुढे करून स्वस्थ बसणे योग्य नाही.

तीव्र ल्युकेमियाचा एक प्रकार असा आहे की त्यात रक्तस्रावाचा धोका सर्वांत मोठा असतो, आणि पहिले थोडे दिवस निभावले तर बरे होण्याची आशाही फार मोठी असते. त्या रोगात नुसत्या संशयावरून त्याच दिवशी औषध सुरू करतात. अशा रुग्णाचे आठ दिवस पित्ताच्या गोळ्यांत गेले तर ते पुन्हा मिळत नाहीत.

रोगाच्या पेशी कातडीत उतरतात तेव्हा

काही रुग्णांत कर्करोगाच्या पेशी रक्तातून कातडीत येऊन बसतात. मग तांबूस, तपकिरी किंवा जांभळट रंगाच्या टणक गाठी अथवा उंचवटे दिसतात. ते बहुधा दुखत नाहीत व खाजत नाहीत. तीव्र ल्युकेमियाच्या एका विशिष्ट जातीत अशा गाठींबरोबर हिरड्याही सुजून दातांवर येतात, आणि रुग्ण प्रथम दातांच्या डॉक्टरांकडे जातो.

लिम्फोमाचा एक प्रकार तर कातडीतच जन्म घेतो. फ्रान्समधील आलिबेर ह्या वैद्याने १८०६ साली त्याचे वर्णन केले. तो वर्षानुवर्षे सपाट, खवलेदार चट्ट्यांच्या रूपात राहतो. कमरेखाली, मांड्यांवर, कपड्यांनी झाकलेल्या भागावर दिसतो. त्याला लोक इसब किंवा नायटा समजतात आणि दुकानातून मलमे आणतात. आपल्यासारख्या सावळ्या माणसांत त्याचे चट्टे कित्येकदा फिके असतात. तेव्हा कोड किंवा महारोग झाला अशी समजूत होते. महारोगाच्या चट्ट्यावर स्पर्श समजत नाही. ह्या रोगाच्या चट्ट्यावर बहुधा समजतो. तरी केवळ एवढ्यावरून घरी निर्णय करू नये.

निर्णय होतो तो कातडीच्या तपासणीने. त्या जागी बधिर करून मिरीच्या दाण्याएवढा तुकडा काढतात आणि त्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ह्या शास्त्राचा पाया आपल्या देशात ज्यांनी घातला त्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे नाव अग्रभागी आहे. टाटा रुग्णालय सुरू झाल्यापासून ते तेथे विकृतिशास्त्राचे प्रमुख होते, आणि कर्करोग व महारोग ह्या दोन्ही विषयांत त्यांनी मोलाचे संशोधन केले. जे दोन रोग आपल्या लोकांस एकमेकांसारखे दिसतात त्यांचा अभ्यास एकाच मराठी माणसाने करावा, हा योग मनात ठेवण्याजोगा आहे.

‘कातडीला कात्री लावली की कॅन्सर पसरतो’ ही समजूत आपल्या भागात दृढ आहे. ती निराधार आहे. तुकडा काढल्याने हे रोग पसरत नाहीत. तपासणी टाळल्याने मात्र ते वाढतात.

डास चावल्यासारख्या गांधी

साठी उलटलेल्या माणसांत दीर्घकालीन ल्युकेमियाचा एक सौम्य प्रकार आढळतो. अशा रुग्णांना कधी कधी डास किंवा ढेकूण चावल्यासारख्या फार खाजणाऱ्या पुटकुळ्या आणि पाण्याचे फोड येतात. १९६५ साली अमेरिकेतील वीड नावाच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांत डास चावल्यानंतर उठणारी अतिरेकी प्रतिक्रिया वर्णन केली. पुढे असे आढळले की, पुष्कळांना काहीच चावलेले नसते. घरचे लोक गाद्या उन्हात टाकतात, औषध फवारतात, खाट बदलतात. तरी पुटकुळ्या येतच राहतात, कारण दोष खाटेत नसून शरीराच्या बिघडलेल्या प्रतिकारशक्तीत असतो. घरातील इतर कोणास काही होत नसता एकट्या आजोबांनाच महिनोन्‌महिने ‘ढेकूण’ चावत असतील तर त्यांचे रक्त तपासून घ्यावे.

दुसरी एक प्रतिक्रिया इंग्लंडमधील प्लिमथ येथील डॉ. स्वीट यांनी १९६४ साली नोंदविली. तीत ताप येतो आणि तोंड, मान, हात यांवर लालजांभळे, सुजलेले, दुखरे चट्टे उठतात. दिसण्यात ते जंतूंचे वाटतात, पण जंतुनाशक औषधांनी हटत नाहीत. स्टेरॉइडने मात्र झपाट्याने उतरतात. हा विकार इतर कारणांनीही होतो, तथापि काही रुग्णांत त्याच्यामागे ल्युकेमिया दडलेला असतो.

पुरळ न उठताही नुसती खाज सुटणे, हेदेखील सूचक असू शकते. हॉजकिन नावाच्या लिम्फोमात रात्री घाम, बारीक ताप, वजनात घट आणि सर्वांगास खाज असा मेळ दिसतो. तांबड्या पेशी अतोनात वाढण्याच्या एका विकारात स्नानानंतर, विशेषतः ऊन पाण्याच्या स्नानानंतर, असह्य खाज सुटते.

जंतू, ताप आणि नागीण

आता सर्वांत महत्त्वाचा भाग. रोगामुळे आणि उपचाराच्या औषधांमुळे लढाऊ पांढऱ्या पेशी पाचशेच्याही खाली गेल्या म्हणजे शरीर उघडे पडते. निरोगी माणसाचे केसतूड पिकते, फुटते आणि बरे होते. ह्या रुग्णाला पू होण्याइतक्याही पेशी उरलेल्या नसतात. म्हणून त्याच्या अंगावरील डाग लहान दिसतो, पण धोका मोठा असतो. एका जंतूमुळे तर लाल ठिपका एका दिवसात मधोमध काळा पडतो; ते रक्तात विष पसरत असल्याचे चिन्ह असते.

यास्तव केमोथेरपी चालू असलेल्या रुग्णाच्या घरी तापमापक असलाच पाहिजे. ताप १०१ अंशांवर गेला, किंवा १००.४ अंशांवर तासभर टिकला, तर मग अंगावर पुरळ असो वा नसो, रात्र असो वा सण असो, रुग्णालयात न्यावे. तेथे पोहोचल्यावर तासाभरात शिरेतून जंतुनाशक मिळावे, असा आजच्या वैद्यकाचा दंडक आहे. तापाची गोळी देऊन सकाळची वाट पाहणे ही प्राणाशी गाठ आहे.

नागीण, जिला आपले कानडी शेजारी सर्पसुत्तु म्हणतात, ती ह्या रुग्णांत वारंवार आढळते. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंत दडून राहतो आणि शरीर दुबळे झाले की त्या तंतूच्या वाटेने बाहेर येतो. म्हणून फोड शरीराच्या एकाच बाजूस पट्ट्यासारखे येतात. नागिणीचे तोंड व शेपूट जुळले की माणूस दगावतो, ही समजूत खरी नाही. पण रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णात ती सर्वांगावर पसरू शकते, आणि तो प्रकार खरोखरच घातक आहे. तिच्यावर औषध आहे. फोड दिसल्यापासून तीन दिवसांच्या आत सुरू केल्यास त्याचा गुण चांगला येतो. ते तीन दिवस गेरूच्या लेपात आणि मंत्रात घालवू नयेत.

शेजारी कोणास कांजिण्या आल्या असतील तर रुग्णाने तेथे जाऊ नये. नकळत संपर्क झाला तर फोड येण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांस कळवावे.

औषधांमुळे उठणारे पुरळ

ज्या औषधांनी रोग हटतो त्यांनीही कातडीवर परिणाम होतात. काहींनी तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात, काहींनी गांधी उठतात, काहींनी घोट्याजवळ न भरणारी जखम होते. युरिक आम्ल वाढू नये म्हणून दिल्या जाणाऱ्या अ‍ॅलोप्युरिनॉल गोळीने क्वचित भयंकर प्रतिक्रिया येते. अशा पुरळाबरोबर डोळे लाल झाले, तोंडात फोड आले, कातडी सुटू लागली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

ह्याच्या उलट एक उदाहरण देतो. दीर्घकालीन ल्युकेमियाच्या एका प्रकारावर इमॅटिनिब नावाची गोळी असते; तिने त्या रोगाचे स्वरूपच पालटले आणि रुग्ण वर्षानुवर्षे कामकाज करीत जगू लागले. ह्या गोळीने आपल्यासारख्या वर्णाच्या माणसांची कातडी कित्येकदा उजळते किंवा फिके चट्टे पडतात. त्यात जिवाला धोका नसतो. परंतु ‘कोड फुटले’ म्हणून, विशेषतः लग्नाच्या मुलीच्या बाबतीत, गोळी बंद केली जाते आणि आवरलेला रोग पुन्हा उसळतो. कोणतीही गोळी डॉक्टरांस विचारल्यावाचून बंद करू नये.

दुसऱ्याची मज्जा घेतलेल्या रुग्णाची गोष्ट आणखी निराळी. आपल्या देशात अशी मज्जारोपणाची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी १९८३ साली केली. अशा रुग्णांत नव्या मज्जेच्या पेशी कधी यजमानाच्याच शरीरावर उलटतात, आणि तळहात, तळपाय, कान, मान येथे पुरळ उठते. तेही लगेच दाखवावे.

घरी काय करू नये

रुग्णाच्या अंगावर तापलेल्या लोखंडाचे डाग देऊ नयेत, तुंबड्या लावू नयेत, फोड सुईने फोडू नयेत, झाडपाल्याचे लेप लावू नयेत. बिंबाणू कमी असता दंडात किंवा कमरेत इंजेक्शन घेऊ नये; अ‍ॅस्पिरिन व तत्सम वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत.

स्टेरॉइडविषयी विशेष सांगितले पाहिजे. खाज, सूज, ताप यांवर गावोगाव हे औषध सर्रास दिले जाते आणि दोन दिवसांत आराम पडतो. मुलांतील ल्युकेमिया आणि लिम्फोमा यांच्या पेशी स्टेरॉइडने तात्पुरत्या मरतात. गाठी उतरतात, रक्ताचा अहवालही काही काळ फसवा येतो. पालकांस वाटते मूल बरे झाले. काही आठवड्यांनी रोग परततो, तेव्हा निदान अवघड झालेले असते. तेव्हा कोणते औषध टोचले हे विचारण्यास संकोच करू नये, आणि चिठ्ठी जपून ठेवावी.

घरी व संस्थेने काय करावे

पहिली तपासणी साधी व स्वस्त आहे: रक्तपेशींची संपूर्ण मोजणी आणि काचेवर पसरलेल्या रक्ताची सूक्ष्मदर्शकाखाली पाहणी. ती तालुक्याच्या गावी होऊ शकते. पुढील उपचारांसाठी कलबुर्गी येथे किदवई संस्थेचे केंद्र आहे; हैदराबादेस १९५५ साली स्थापन झालेले मेहदी नवाज जंग यांच्या नावाचे रुग्णालय आहे; सोलापूर जिल्ह्यात बार्शीस नर्गिस दत्त यांच्या स्मरणार्थ उभारलेले रुग्णालय आहे; आणि मुंबईस टाटा आहेच. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. उपचारासाठी जाणाऱ्या रुग्णास व त्याच्या सोबत्यास रुग्णालयाच्या दाखल्यावर रेल्वेभाड्यात सवलत मिळते.

रुग्णाच्या अंगावर पुरळ उठले की त्या दिवसाची तारीख, ताप, नवी औषधे हे वहीत लिहावे आणि उजेडात छायाचित्र काढून ठेवावे. डॉक्टरांस त्याचा फार उपयोग होतो.

ल्युकेमिया स्पर्शाने होत नाही. रुग्णाचे ताट, अंथरूण, तांब्या वेगळा करण्याचे कारण नाही. स्वच्छता पाळावयाची ती त्याला आपल्यापासून जंतू लागू नयेत म्हणून. फक्त नागिणीचे ओले फोड असता ज्यांना कांजिण्या आलेल्या नाहीत अशी मुले व गरोदर स्त्रिया यांनी दूर राहावे.

संस्थेच्या सभासदांना एक काम सहज करता येण्याजोगे आहे. दान केलेले बिंबाणू पाच दिवसांहून अधिक टिकत नाहीत. ते आगाऊ साठवून ठेवता येत नाहीत. रक्तदानानंतर पुरुषास तीन महिने व स्त्रीस चार महिने थांबावे लागते, पण यंत्राने केवळ बिंबाणू दिले तर इतके थांबावे लागत नाही. हैदराबाद, सोलापूर, मुंबई येथे स्थायिक झालेल्या आपल्या तरुणांची रक्तगटासह यादी संस्थेने ठेवली, तर परक्या शहरात रुग्णालयाच्या पायरीवर बसलेल्या एखाद्या बापास दाता शोधत हिंडावे लागणार नाही.

लहान मुलांत जो ल्युकेमिया अधिक आढळतो, तो आज योग्य उपचार पुरे झाल्यास बहुतेक मुलांत बरा होतो. मेहेरबाईंच्या काळी हे वाक्य लिहिता आले नसते. आज ते लिहिता येते. परंतु ते प्रत्येक घरी खरे व्हावयाचे तर मुलाच्या नडगीवरील न खाजणारे ते लाल ठिपके त्याच्या आईने पाहिले पाहिजेत, आणि घरातील कर्त्या माणसांनी तिचे म्हणणे त्याच दिवशी ऐकले पाहिजे.